कॅम्पमध्ये बायकांना सुट्टी

परवा व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, आमच्याकडे कॅम्पला आई का येत नाही? माझ्या मैत्रिणींच्या सगळ्यांच्या आया येतात." मागून तुझ्या आईचा आवाज आला, "ते आजीला विचार, तिला माहीत आहे." तेवढ्यात तुझ्या भावाने कॅमेऱ्याला कपाळ टेकवलं आणि उत्तर राहून गेलं. तसंही ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहून पाठवते आहे. सुवाच्य अक्षरात लिहिते आहे, तरी एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा, आईला नको. का, ते पुढे कळेल.

ही गोष्ट घडली तेव्हा तुम्ही इथेच होतात, जयपूरमधल्या जगतपुऱ्याच्या या फ्लॅटमध्ये, आमच्याबरोबर. तू आठ वर्षांची होतीस आणि तो पाच वर्षांचा. तुमच्या आजोबांच्या बँकेच्या बदल्यांमध्ये आम्ही बरीच गावं पालथी घातली, शेवटची बदली जयपूरची झाली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. तुमच्या बाबालाही इथेच नोकरी मिळाली. दरवर्षी नाताळच्या सुट्टीत आपण सगळे कॅम्पला जात असू. आजोबांच्या जुन्या सहकाऱ्याचं शहराबाहेर शेत आहे, डोंगराच्या पायथ्याशी. तिथे दोन तंबू, एक चूल, दोन दिवस. तुम्हाला त्यातलं काय आठवतं मला माहीत नाही. बहुतेक मोर आठवत असतील, आणि तंबूत बूट घालून गेल्याबद्दल मी ओरडले होते ते.

या कॅम्पचा एक नियम होता. तो आजोबांनी केला होता आणि त्यांना त्याचा फार अभिमान होता. कॅम्पमध्ये बायकांना सुट्टी. स्वयंपाक पुरुष करणार, चूल पुरुष पेटवणार, बायकांनी फक्त बसायचं. आजोबा ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगत, बँकेतल्या जुन्या मित्रांना सांगत, भाजीवाल्यालाही सांगत. "वर्षभर राबतात हो बिचाऱ्या. दोन दिवस तरी आपण करायला नको?" ऐकणाऱ्या बायका माझ्याकडे बघून म्हणायच्या, नशीबवान आहात. मी हो म्हणायचे. त्यात खोटं काही नव्हतं. तुमच्या आजोबांसारखा मनाने चांगला माणूस मी पाहिलेला नाही.

आता ही सुट्टी द्यायची म्हणजे तिची तयारी लागायची. पुरुष पिठलं-भाकरी करणार म्हटल्यावर बाजरीचं पीठ दळून, चाळून हवं. दाण्याचं कूट हवं. लसणाची चटणी हवी. कांदे चिरून डब्यात हवेत, कारण थंडीत बाहेर बसून कांदा चिरायचा म्हणजे हात गारठतात. मिरच्या धुऊन, देठ काढून हव्यात. बेसनात गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते भाजून घेतलेलं बरं. शिवाय मुलांचे लोकरीचे कपडे, गरम पाण्याची पिशवी, तुझ्या भावाची ती निळी उशी, जिच्याशिवाय तो झोपत नसे. हे सगळं तुमची आई करायची. दिवसभर बेडरूमचं दार लोटून तिच्या ऑफिसच्या मीटिंगा चालायच्या, आणि संध्याकाळी ती बाहेर आली की लसूण सोलायला बसायची. मी मदत करायचे. मला काम नीटनेटकं लागतं. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी, प्रत्येक पिशवीला तिची जागा. पण पिशव्या भरायची तीच, म्हणून कुठली गोष्ट कुठल्या पिशवीत आहे हे फक्त तिला माहीत असायचं.

मी सांगते आहे त्या वर्षी, जायच्या आधीच्या आठवड्यात, आम्ही दोघी स्वयंपाकघरात लसूण सोलत होतो. ती म्हणाली, "आई, या वर्षी मी घरीच थांबले तर?"

"बरं वाटत नाहीये का?"

"नाही, बरी आहे."

"मग?"

"मग काही नाही. घरी थांबायचंय. एकटीनं."

मी तिच्याकडे पाहिलं. ती लसणाकडे बघत होती. रागावलेली वगैरे नव्हती. मी म्हटलं, "रात्री जेवताना विचार सगळ्यांना."

तिने विचारलं. मी आमटी वाढत होते. तुझा बाबा म्हणाला, "अगं, पण कॅम्प तुझ्यासाठीच तर असतो! वर्षातून एकदा तुला काही करायला लागत नाही."

आजोबा म्हणाले, "सूनबाईशिवाय कॅम्प? काहीतरीच. त्यापेक्षा रद्द करू."

तू म्हणालीस, "मतलब, मला आजीबरोबर झोपायला लागणार? आजी घोरते."

आणि तुझ्या भावाने भोकाड पसरलं. आई नाही तर मी पण नाही, निळी उशी पण नाही. त्याला तिने जवळ घेतलं, आणि मांडीवर रडणारं मूल घेऊन "मला एकटीला राहायचंय" असं पुन्हा कोण म्हणणार? ती हसली. "बरं बाबा, येते." सगळ्यांना हायसं वाटलं. आजोबांनी आमटी परत मागितली. कुणी तिला दरडावलं नव्हतं, कुणी आवाज चढवला नव्हता. सगळ्यांनी तिला प्रेमाने धरून ठेवलं होतं. तशी धरलेली बोटं सोडवून घेता येत नाहीत.

शेतावर पोचलो तेव्हा धुकं होतं. डोंगर दिसत नव्हता. चारी बाजूंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कारण नीलगायी आत शिरून मोहरी तुडवतात. शेतावर एक राखणदार असे, त्याला तुम्ही काकाजी म्हणायचात. त्या दिवशी त्याच्या नात्यात लग्न होतं. त्याने आपल्याला आत घेतलं, फाटकाला साखळी घातली, कुलूप लावलं आणि म्हणाला, "साब, शाम को आ जाऊंगा. जानवर का डर नहीं, ताला लगा दिया है." सगळ्यांनी माना डोलावल्या. तो गेल्यावर मला जाणवलं की जनावराची भीती नसली तरी आपण आत कोंडले गेलो आहोत. मी ते बोलून दाखवलं नाही. संध्याकाळपर्यंत कुणाला जायचं होतं कुठे?

मला खुर्चीत बसवण्यात आलं. ती घडीची खुर्ची तुम्हाला आठवत असेल, हिरव्या कापडाची, हाताशी पेला ठेवायला जाळी असलेली. तुझ्या बाबाने मुद्दाम माझ्यासाठी आणली होती. तिच्यात बसलं की कापड खाली जातं, गुडघे वर येतात, आणि माझ्या वयाच्या बाईला कुणी हात दिल्याशिवाय उठता येत नाही. मी जरा हलले की चारी बाजूंनी आवाज यायचे. "आई, बसा!" "आजी, बस!" "अगं, तू बस, सुट्टी आहे ना तुला!" एकदा मला फक्त पाठीमागची शाल हवी होती. मी हात मागे नेला आणि तुझा बाबा धावत आला. "काय पाहिजे? मला सांग ना." खेजडीच्या झाडाखाली, अंगावर शाल, हातात किन्नू संत्र्याची साल, अशी मी बसले होते आणि समोर जे चाललं होतं ते मला नीट दिसत होतं. बघण्याशिवाय दुसरं काही करताच येत नव्हतं.

तुमची आई तंबूत आडवी झाली होती. तिलाही सुट्टी होती.

"अगं, काडेपेटी?" तुझ्या बाबाने चुलीजवळून विचारलं.

"लाल पिशवीत, बाहेरच्या कप्प्यात," तंबूतून आवाज आला.

"सूनबाई, परात आणली आहे ना?" आजोबा.

"हो बाबा. चादरींच्या खाली."

"आई, माझा मोजा ओला झाला!"

"दुसरा निळ्या सॅकमध्ये आहे."

"निळ्या सॅकमध्ये नाहीये!"

"आहे. तळाशी. टोपीच्या आत."

मग तंबूची चेन वर गेली आणि तू आत. चेन खाली आली. पुन्हा चेन वर, तुझा भाऊ बाहेर. पुन्हा वर, पुन्हा आत. तंबूला दार नसतं, चेन असते, आणि ती बाहेरून कुणालाही उघडता येते. त्या शेतात न्हाणीघर म्हणजे पत्र्याचे तीन आडोसे आणि पुढे हाताने धरायचा चौथा पत्रा. आत कुणी असलं की बाहेर दुसऱ्याने उभं राहायचं. तुमची आई आत गेली तेव्हा बाहेर तू उभी होतीस आणि तिला सापाबद्दल प्रश्न विचारत होतीस.

पुरुषांची चूल पेटली. धूर झाला, कौतुक झालं. आजोबांनी फोटो काढायला लावला. तुझ्या बाबाने बेसन कालवलं आणि हाक मारली, "अगं, किती पाणी?"

"अंदाजाने घाल."

"म्हणजे किती?"

ती उठून बाहेर आली, पाणी घातलं, परत तंबूकडे निघाली.

"फोडणीला काय काय?"

"मोहरी, हिंग, हळद."

"कुठंय?"

"मिसळणाच्या डब्यात."

"तो कुठंय?"

"गाडीच्या डिकीत राहिलाय."

"तेवढा देतेस का? माझे हात बेसनाचे आहेत. किल्ली माझ्या खिशात आहे, काढून घे."

तिने त्याच्या जॅकेटच्या खिशातून किल्ली काढली. गाडी खेजडीपासून थोडी पुढे, माझ्या अगदी समोर उभी होती, तोंड माझ्याकडे करून. ती डिकीपाशी गेली. पण तिने ती उघडली नाही. तिथे क्षणभर उभी राहिली, मग वळसा घालून पुढे आली, ड्रायव्हरचं दार उघडलं, आत बसली, दार लावलं. मग चारी दारांना एकदम कुलूप लागल्याचा तो आवाज आला. टक्.

त्या सगळ्या शेतात आतून लावता येईल असं दार असलेली वस्तू एकच होती, आणि ती तिला सापडली होती.

माझी नि तिची नजरानजर झाली, समोरच्या काचेतून. मी खुर्चीत अडकलेली, ती गाडीत. तिने मान हलवली नाही, हसली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटतं, मी उठून येते की काय याची ती वाट बघत होती. मी नजर काढून किन्नूकडे वळवली.

पहिला पोचला तुझा भाऊ. काचेला नाक लावून. "आई, हिंग दे ना!" मग धावत माझ्याकडे. "आजी, आई लॉक होऊन गेली!"

"होऊन गेली नाही. तिने लावून घेतलं आहे."

"का?"

"तिला बसायचंय म्हणून."

"तर मग खुर्चीत बसायचं ना!"

तुझा बाबा बेसनाचे हात वर धरून गाडीपाशी गेला. काचेवर कोपराने टकटक केलं. "अगं, काय झालं? डबा मिळाला नाही का?" "बरं वाटत नाहीये का?" तिने मान हलवली, बरं वाटतंय अशी. "मग उघड ना."

काच बोटभर खाली आली.

"दोन तास," ती म्हणाली. "दोन तासांनी मी आपणहून येते. तोवर कुणी मला काही विचारायचं नाही."

"हो, पण हिंग..."

काच वर गेली.

आजोबा आले. ते हिशेबी माणूस, त्यांना आधी गाडीची काळजी. "बॅटरी उतरेल म्हणावं. आणि काच थोडी उघडी ठेव म्हणावं, हवा पाहिजे." काच पुन्हा बोटभर खाली आली आणि तशीच राहिली. यावरून तिला सगळं ऐकू येत होतं हे कळलं. तुझा बाबा त्या फटीशी तोंड नेऊन हळू आवाजात बोलू लागला, "असं काय करतेस? मुलं घाबरतील. लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक?" मी खुर्चीतून म्हटलं. "इथे नीलगायी आहेत फक्त."

तो माझ्याकडे वळला. "आई, तू तरी सांग ना तिला."

तेव्हा मला उठायचं होतं आणि एरवीसारखं "बसा, बसा" म्हणायला कुणी जवळ नव्हतं. सगळे गाडीभोवती होते. गंमत अशी की त्यामुळे हात द्यायलाही कुणी नव्हतं. मी तुला हाक मारली. तुला आठवतं का? "इकडे ये, माझे दोन्ही हात धर आणि ओढ." तू ओढलंस, मी निम्मी उठले, पुन्हा खाली गेले. तू खिदळलीस. दुसऱ्या खेपेला पाय जमिनीला नीट रोवून ओढलंस आणि मी उभी राहिले. मग आपण दोघींनी ती हिरवी खुर्ची फरफटत गाडीपर्यंत नेली. मी ती ड्रायव्हरच्या दाराला लागून ठेवली, पाठ गाडीकडे करून, आणि परत तिच्यात बसले.

"आता कुणाला काय विचारायचंय ते मला विचारा," मी म्हटलं.

तुझा बाबा डिकीकडे हात दाखवत म्हणाला, "आई, अगं, मिसळणाचा डबा डिकीत आहे. मीठसुद्धा त्यातच आहे."

"असेल."

"मग पिठलं कसं करायचं?"

"मला माहीत नाही."

"चटणी तरी? ती कुठल्या पिशवीत आहे?"

"मला माहीत नाही."

"चिमटा?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कधी इतक्या सलग उच्चारलं नव्हतं. मला सगळं माहीत असतं असा या घरात समज आहे, आणि तो मीच जपलेला आहे. पण त्या दुपारी "मला माहीत नाही" म्हणताना फार बरं वाटलं. चौथ्या-पाचव्या वेळी तर मी आवाजही खाली आणला नाही.

तुझा बाबा पिशव्या उपसायला लागला. मी शिस्तीने लावलेल्या चिठ्ठ्या गवतात पडल्या. मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी डोंगराकडे बघत राहिले. धुकं आता विरलं होतं आणि उन्हात मोहरी पिवळीजर्द दिसत होती. मागे गाडीत सीट मागे पाडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं की मीही काहीतरी विचारते आहे.

तुम्ही दोघं मात्र बातमी आणत होतात. माझ्या खुर्चीमागून वाकून काचेत बघायचं आणि मला येऊन सांगायचं.

"आजी, ती झोपली नाहीये."

"रडते आहे का?"

"नाही. नुसती बघते आहे."

"काय बघते आहे?"

"काहीच नाही. मतलब, समोर."

"बघू दे."

"मोबाईल पण नाही बघत," तू म्हणालीस, आणि हे तुला सगळ्यांत भयंकर वाटलं होतं.

चुलीपाशी वेगळंच चाललं होतं. मीठ नाही, हिंग नाही, चटणी कुठे ते कळत नाही. तुझ्या बाबाने फाटकापर्यंत जाऊन पाहिलं. शेजारच्या शेतातून कुणी मीठ देईल का म्हणून हाका मारल्या, पण काट्यांच्या पलीकडे माणूस नव्हतं. फाटकाला कुलूप होतं. तो साखळी हलवून परत आला. बाहेर जायची वाट नाही, हे त्याला तेव्हाच खरं कळलं असावं, कारण तो सकाळपासून तिथेच होता आणि एकदाही फाटकाकडे गेला नव्हता.

शेवटी आजोबांनी भाकरी थापायला घेतली. पहिलीचा नकाशा झाला, दुसरी परातीला चिकटली. तिसरी तव्यावर गेली. थंडीसाठी ते जॅकेटच्या खिशात गुळाचे खडे घेऊन हिंडतात, ते त्यांनी काढले, त्यांना चिकटलेली लोकर निपटली, आणि तुम्ही दोघांनी भाकरी नि गूळ असं जेवण केलंत. तुझा भाऊ म्हणाला, हे पिठल्यापेक्षा भारी आहे. बेसन तसंच पातेल्यात राहिलं. नंतर ते कुणी टाकलं ते मला माहीत नाही. खरंच.

किती वेळ गेला ते मी घड्याळात पाहिलं नाही, आणि असं माझ्याकडून सहसा होत नाही. माझ्या मागे टक् असा आवाज आला. मला उठता येत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरली. डिकी उघडली, मिसळणाचा डबा काढला, चुलीपाशी नेऊन ठेवला. चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, पण पाणी लावलेलं नव्हतं. तिने आजोबांच्या हातातली भाकरी घेतली, गूळ घेतला, आणि जमिनीवर मांडी घालून खाल्ली. तुझा भाऊ तिच्या मांडीवर जाऊन बसला. त्याने तिला काही विचारलं नाही. त्याला सांगितलेलं होतं ना, दोन तास विचारायचं नाही. ते संपले हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भांडी घासताना तुझा बाबा तिच्याजवळ बसला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "तू आधी सांगायचंस ना. मला कळलं असतं तर..."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"जेवताना. आई आमटी वाढत होत्या तेव्हा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. आता खुर्ची पुन्हा झाडाखाली होती.

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

तो पातेलं घासत राहिला. ते आधीच स्वच्छ झालं होतं. आजोबा लांब उभे राहून मोहरीकडे बघत होते, पण त्यांचा कान इकडे होता. संध्याकाळी काकाजी आला, कुलूप काढलं, लग्नातले लाडू दिले आणि विचारलं, "सब ठीक रहा?" सगळे एकदम म्हणाले, हो, हो. त्या दिवसाबद्दल घरात पुन्हा कुणी बोललं नाही. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. पण पुढच्या वर्षी नाताळ जवळ आल्यावर आजोबांनी पिशव्या काढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "सूनबाई, या वर्षी तुला यायचं आहे का?" इतक्या वर्षांत तो प्रश्न म्हणून पहिल्यांदाच विचारला गेला.

"नाही बाबा," ती म्हणाली.

"बरं," ते म्हणाले, आणि कांदा कसा चिरायचा ते मला विचारायला आले.

त्या वर्षी काडेपेटी विसरली, तव्याऐवजी झाकण आलं, आणि तुझ्या भावाची उशी पावडर-कंगव्याच्या पिशवीत सापडली. पण तो आईशिवाय झोपला. तू माझ्याजवळ झोपलीस आणि सकाळी म्हणालीस की मी घोरत नाही, फक्त बोलते. मी दिवसभर हिरव्या खुर्चीत होते. परत आलो तर घर जसं सोडलं होतं तसंच होतं. ओट्यावर एक कप पालथा घातलेला. तुमच्या आईने दार उघडलं, तुम्हाला कवेत घेतलं, आणि तिने दोन दिवस काय केलं ते मी तिला विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी आजोबा पिशव्या घेऊन दारात आले तेव्हा मी म्हटलं, "मलाही विचारा."

ते गोंधळले. "तुला? पण तुला तर खुर्ची आहे."

"म्हणूनच."

आजोबा थोडे रुसले, तुझा बाबा हसला, आणि तुम्ही चौघं गेलात. गाडी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना तुम्ही हात हलवत होतात. आम्ही दोघी बाल्कनीत उभ्या होतो. मग आत आलो. मला वाटलं, ती आता चहा करेल आणि आपण गप्पा मारू, कारण सासू-सुना एकट्या राहिल्या की तेच करतात असं आपण धरून चालतो. ती म्हणाली, "आई, मी खोलीत जाऊ?" मी म्हटलं, "मीही जाते." तिने तिच्या खोलीचं दार लावलं, मी माझ्या. आतून कडी लावल्याचा आवाज मी ऐकला, आणि मग मीही माझी कडी लावली. लग्नानंतर मी दिवसाउजेडी कधी कडी लावली होती का, मला आठवेना. मी पलंगावर बसले. वाचायला घेतलं नाही, आवरायला घेतलं नाही. समोरच्या भिंतीकडे बघत बसले. तू जे मला तेव्हा काचेतून बघून सांगितलं होतंस, तसंच. मतलब, समोर.

दुपारी हॉलमध्ये राहिलेला तिचा मोबाईल वाजला.

वाजू दिला. तो थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. तेव्हा मी कडी काढून दार उघडलं. त्याच वेळी समोरचं दारही उघडलं. आम्ही दोघी आपापल्या उंबऱ्यात उभ्या, मध्ये हॉल, आणि टीपॉयवर फोन थरथरत होता. पडलं असेल का कुणी, लागलं असेल का, असं एका बाजूने मनात येत होतं. तिच्याही चेहऱ्यावर ते दिसत होतं. तिने एक पाऊल पुढे टाकलं. मग फोन बंद झाला आणि लगेच मेसेज आल्याचा आवाज झाला. ती वाकली, लांबूनच वाचला, आणि हसू आवरत माझ्याकडे बघितलं.

"हिंग," ती म्हणाली.

आणि आम्ही दोघींनी परत दारं लावून घेतली.